बोनोबो : कांगोच्या दक्षिण तीरावरील वानरकुल



मनुष्याच्या हातून एखादें क्रूर कृत्य घडलें म्हणजे आपण त्यास पाशवी म्हणतों, आणि दयेचें कृत्य घडलें म्हणजे त्यास माणुसकीचें नांव देतों. या दोन शब्दांत एक मोठा सिद्धांत आपण नकळत गृहीत धरलेला असतो. तो असा कीं, आपल्या ठिकाणीं जें वाईट आहे तें पशुपूर्वजांकडून वारशानें आलें, आणि जें चांगलें आहे तें आपण स्वतःच्या कर्तबगारीनें मिळविलें. विसाव्या शतकांत पुष्कळ विद्वानांनीं हाच सिद्धांत शास्त्राच्या भाषेंत मांडला व त्यासाठीं वानरांची साक्ष काढली. ती साक्ष कोणत्या वानराची होती, कोणत्या वानराची साक्ष घ्यावयाची राहून गेली, आणि ती उशिरां कां होईना मिळाली तेव्हां काय निष्पन्न झालें, हा इतिहास आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

वानर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें देवळाच्या शिखरावर बसणारा काळ्या तोंडाचा वानर, किंवा मदाऱ्याचें तांबड्या तोंडाचें माकड, हीं उभीं राहतात. या दोघांनाही शेंपटी असते. आज ज्यांच्याविषयीं बोलावयाचें ते शेंपटी नसलेले मानवाकार वानर होत. त्यांपैकीं गिबनाची हुलॉक ही जात तेवढी भारतांत, आसाम व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील अरण्यांत, आढळते. ओरंगउटान बोर्निओ व सुमात्रा या बेटांवर राहतो. गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे तिघे आफ्रिकेचे रहिवासी.

या पांचांच्या संसाराच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. गिबनाचें बहुधा नरमादीचें जोडपें असतें व तें आपल्या पोरांसह झाडांच्या शेंड्यांवर राहतें. ओरंगउटानचा प्रौढ नर बहुतेक काळ एकटा भटकतो, आणि मादी आपल्या पोराला पोटाशीं धरून वेगळी राहते. गोरिलाच्या कुटुंबांत पाठीवर रुपेरी केस आलेला एक कर्ता नर, कांहीं माद्या व त्यांचीं पोरें असतात. तो कर्ता नर मेला आणि परका नर आला, तर पुष्कळदां अंगावर पिणाऱ्या पोरांचा जीव जातो. चिंपांझींची वस्ती मोठी, कधीं कधीं शंभरांच्या वर असते. तींत मुलगे जन्मभर बापाच्या मुलखांत राहतात व मुली वयांत आल्यावर दुसऱ्या वस्तींत जातात. सत्ता नरांची, आणि तीसाठीं नरांचे आपसांत तह, फंदफितुरी व मारामाऱ्या चालतात. कोणताही प्रौढ नर कोणत्याही मादीहून वरचढ समजावा.

बोनोबोच्या घराचा आराखडा पाहिला तर तो चिंपांझीच्या घरासारखाच आहे. अनेक नर, अनेक माद्या, मुलगे घरीं, मुली परघरीं. परंतु या एकाच आराखड्याच्या घरांत कारभार अगदीं निराळा चालतो. हें निराळेपण विशेष महत्त्वाचें होण्याचें कारण असें कीं, आपल्या दृष्टीनें हे दोघेही सारख्याच जवळचे आप्त आहेत. २०१२ सालीं बोनोबोच्या आनुवंशिक द्रव्याची संपूर्ण मांडणी शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केली. तीवरून असें दिसून आलें कीं, मनुष्य व बोनोबो यांच्यांत शेंकडा सुमारें १.३ इतकाच फरक आहे, आणि मनुष्य व चिंपांझी यांच्यांतही तेवढाच. खुद्द चिंपांझी व बोनोबो यांच्यांतील फरक शेंकडा सुमारें ०.४ आहे. एकाच आजोबांचे दोन चुलतनातू असावेत, आणि आम्हीं घराण्याचा स्वभाव ठरवितांना त्यांतील एकालाच विचारावें, असें इतकीं वर्षें चाललें होतें.

दुसरा चुलतभाऊ नजरेआड राहिला तो कसा, हें पाहण्यासारखें आहे. तो कांगो नदीच्या दक्षिणेकडील घनदाट अरण्यांत राहतो. हा प्रदेश त्या काळीं बेल्जमच्या राज्याखालीं होता, व तेथून हस्तिदंत, रबर आणि जनावरांच्या कवट्या युरोपांत जात. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्कीस यांनीं १९२३ सालीं दोन लहान वानर विकत घेतले. नराचें नांव चिम व मादीचें नांव पांझी. दोघेही चिंपांझी म्हणून विकले गेले होते. पांझी क्षयानें आजारी होती, आणि तिच्याशीं चिम इतक्या हळुवारपणें वागे कीं, या वागणुकीचें खरें वर्णन केलें तर आपण एका वानराला साधु बनवीत आहों असा आरोप आपल्यावर येईल, अशी धास्ती यर्कीस यांनीं आपल्या १९२५ सालच्या ग्रंथांत प्रकट केली आहे. चिम १९२४ सालींच मरण पावला. तो चिंपांझी नव्हता, बोनोबो होता, हें पुढें कळून आलें. शास्त्रज्ञानें डोळ्यांनीं पाहिलेली गोष्टही लोक हंसतील म्हणून आवरती घ्यावी, हा प्रकार या इतिहासांत येथें प्रथम दिसतो. तो पुढेंही दिसेल.

ब्रसेल्सजवळ तेरव्ह्यूरेन येथें कांगोमधील वस्तूंचें मोठें संग्रहालय आहे. १९२८ सालीं हॅरोल्ड कूलिज नांवाचे तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेथें कवट्या मोजीत होते. एका खणांत त्यांना एक लहानशी कवटी मिळाली. ती चिंपांझीच्या पोराची असेल असें वाटून त्यांनीं ती हातांत घेतली, तों कवटीचे सांधे पुरते जुळलेले दिसले. पोराच्या कवटीचे सांधे मोकळे असतात; तेव्हां ही कवटी लहान चणीच्या प्रौढ प्राण्याची हें उघड झालें. हा शोध त्यांनीं संग्रहालयाच्या संचालकांना बोलून दाखविला. थोड्याच दिवसांनीं अर्न्स्ट श्वार्त्स हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ तेथें आले. त्यांच्या कानीं ही हकीकत गेली, त्यांनींही मोजमाप केलें, आणि १९२९ सालीं नव्या पोटजातीचें वर्णन आपल्या नांवानें छापून टाकलें. कूलिज यांनीं १९३३ सालीं अधिक बारकाईनें अभ्यास करून ही पोटजात नसून स्वतंत्र जाति आहे असें दाखविलें, आणि यर्कीस यांचा चिम याच जातीचा होता असेंही सांगितलें. मनुष्य व वानर यांचा जो समाईक पूर्वज, त्याच्याशीं हा प्राणी चिंपांझीपेक्षां अधिक मिळता असावा, असा तर्कही त्यांनीं त्याच वेळीं केला होता.

याप्रमाणें हा प्राणी जगाला प्रथम ठाऊक झाला तो अरण्यांत नव्हे, संग्रहालयाच्या खणांत. त्याला नांव मिळालें तें 'खुजा चिंपांझी'. तें नांव फसवें होतें. वजनानें तो लहान चणीच्या चिंपांझीहून फारसा कमी नाहीं. त्याची बांधणी सडपातळ, पाय लांब, डोकें लहान, ओठ तांबूस व चेहरा जन्मापासूनच काळा असतो. डोक्यावरील केस मधोमध भांग पाडल्यासारखे दोहोंकडे पसरलेले असतात. परंतु 'खुजा चिंपांझी' या नांवामुळें तो चिंपांझीचीच धाकटी आवृत्ति समजला गेला, आणि धाकट्याची वेगळी चौकशी करण्याचें कोणास कारण वाटलें नाहीं.

जर्मनींतील म्यूनिक शहराच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयांत १९३० नंतरच्या वर्षांत या जातीचे तीन वानर होते. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, त्या शहरावर विमानांतून बाँबवर्षाव झाला. स्फोटांच्या आवाजानें घाबरून ते तिघेही मेले. त्याच ठिकाणचे चिंपांझी मात्र वांचले. तेथील अधिकारी हाइन्स हेक व साल्झबुर्गचे एडुआर्ड ट्राट्स यांनीं आपल्या टिपणांवरून १९५४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत या वानराचा आवाज, स्वभाव व वागणूक हीं चिंपांझीहून किती वेगळीं आहेत याची यादी देऊन त्यास 'बोनोबो' हें स्वतंत्र नांव द्यावें असें त्यांनीं सुचविलें. कांगो नदीवरील बोलोबो या गांवाचें नांव पाठवणीच्या पेटीवर चुकीचें लिहिलें गेलें व त्यावरून हें नांव आलें, असें सांगतात. नरमादीच्या समागमाचा जो भाग होता तो त्यांनीं लॅटिन शब्दांच्या पडद्याआड ठेवला. निबंध जर्मन भाषेंत, विषय संकोचाचा, आणि युद्धानंतरचा काळ. यांमुळें त्याकडे फार थोड्यांचें लक्ष गेलें.

याच सुमारास मनुष्यस्वभावाचा निकाल दुसरीकडे लिहिला जात होता. दोन महायुद्धें पाहिलेल्या पिढीला मनुष्य हा मूळचाच खुनी आहे हें म्हणणें पटण्याजोगें वाटे. दक्षिण आफ्रिकेंतील रेमंड डार्ट यांनीं १९५३ सालीं असें मत मांडलें कीं, आपला पूर्वज शिकारी व हिंस्र झाला म्हणूनच तो मनुष्य झाला. १९६१ सालीं रॉबर्ट आर्ड्री या नाटककारानें तेंच मत एका लोकप्रिय ग्रंथांत पसरविलें, आणि १९६३ सालीं ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्ट्स यांनीं आक्रमणवृत्ति ही उपजत प्रेरणा आहे असें प्रतिपादन केलें.

या मतांना प्रत्यक्ष अरण्यांतून पुरावा मिळाला तो पुढें. जेन गुडॉल ही इंग्रज तरुणी १९६० च्या जुलै महिन्यांत टांगानिका सरोवराच्या कांठीं गोंबे येथें येऊन राहिली. पहिलीं कित्येक वर्षें तिला चिंपांझी हे एकंदरींत सौम्य प्राणी वाटले. पुढें तिच्या ओळखीच्या वस्तींत फूट पडली व कांहीं नर आणि माद्या दक्षिणेकडे वेगळ्या होऊन राहूं लागल्या. १९७४ च्या जानेवारींत उत्तरेकडील नरांची एक टोळी मुकाट्यानें सीमा ओलांडून गेली, आणि एकटा सांपडलेल्या एका दक्षिणेकडील नराला तिनें मरणाचा मार दिला. १९७८ पर्यंत दक्षिणेकडील वस्तीचा एकही नर उरला नाहीं. यांतील अत्यंत दारुण गोष्ट ही कीं, मारणारे व मरणारे एकेकाळीं एकाच वस्तींत वाढलेले होते. ज्यांच्या अंगावरील केस पूर्वीं प्रेमानें विंचरले त्यांनाच त्यांनीं दातांनीं फाडलें. ही हकीकत प्रसिद्ध झाल्यावर पुष्कळांनीं निकाल पक्का झाला असें मानलें. आपला आप्त युद्ध करतो, म्हणून युद्ध आपल्या रक्तांत आहे, असा तो निकाल होता.

परंतु ज्या १९७४ सालीं गोंबे येथें हा संहार सुरू झाला, त्याच वर्षीं कांगोच्या अरण्यांत दुसऱ्या साक्षीदाराची चौकशी सुरू झालेली होती. क्योटो विश्वविद्यालयाशीं संबंधित असलेले ताकायोशी कानो हे जपानी संशोधक १९७३ सालीं त्या देशांत, ज्यास तेव्हां झाईर म्हणत, गेले व सायकलीवरून अरण्यांतील गांवोगांव हिंडून बोनोबो कोठें आहेत याची त्यांनीं चौकशी केली. अखेरीस वांबा नांवाच्या गांवीं त्यांनीं ठाणें मांडलें. तेथील न्गांडू लोक बोनोबोला आपला दूरचा नातलग मानीत व त्यास मारून खाणें निषिद्ध समजत. या एका रूढीमुळें तेथील वानर मनुष्याला फारसे भीत नव्हते.

या जपानी संशोधकांच्या पद्धतीविषयीं एक शब्द सांगणें अवश्य आहे. ते कळपांतील प्रत्येक प्राणी ओळखीत, त्यास नांव देत, व त्याचें नातेंगोतें वर्षानुवर्षें लिहून ठेवीत. याच संप्रदायांतील युकिमारू सुगियामा यांनीं १९६१ ते १९६३ या काळांत धारवाडजवळच्या अरण्यांत आपल्या काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास केला होता. नवा नर कळप जिंकल्यावर आधींच्या पोरांना मारतो हें त्यांनीं तेथें नोंदविलें. म्हणजे हे लोक कांहीं वानरांना देवपण देण्यासाठीं निघाले नव्हते. जें दिसेल तें लिहावयाचें ही त्यांची शिस्त होती, आणि त्याच शिस्तीनें कानो यांनीं वांबाची हकीकत लिहिली.

वानर मोकळेपणें पाहतां यावेत म्हणून कानो यांनीं उसाची मेजवानी मांडली. ऊस पाहून टोळी आली, तेव्हां जो क्रम दिसला तो चिंपांझींच्या उलट होता. माद्या मध्यें बसून खाऊं लागल्या, आणि पुष्कळसे नर कडेला घुटमळत राहिले. एखाद्या नरानें फांदी ओढीत मोठा आव आणून माद्यांमधून धांव घेतली, तरी त्या जागच्या हलत नसत. आणि त्यानें अधिक दांडगाई केली तर दोन-चार माद्या मिळून त्याला पिटाळून लावीत. एकटी मादी नराहून अशक्तच असते. परंतु ती एकटी नसते.

या माद्या परस्परांच्या बहिणी किंवा मुली असत्या, तर त्यांच्या एकीचें आश्चर्य वाटलें नसतें. मात्र त्या निरनिराळ्या घरांतून आलेल्या परक्या असतात. तरुण मादी नव्या टोळींत येते तेव्हां ती प्रथम एखाद्या वडीलधाऱ्या मादीला हेरते, तिच्या आसपास बसते, तिच्या अंगावरचे केस विंचरते, आणि हळूहळू तिच्या आश्रयानें घरांत रुजते. सासरीं आलेल्या मुलीनें आधीं घरांतील थोरल्या बाईची मर्जी संपादन करावी, तसा हा प्रकार आहे. चिंपांझींतही मुलीच परघरीं जातात, परंतु तेथें त्यांच्यांत असा जूट क्वचितच बनतो.

ऊस पाहून सर्वांनाच हांव सुटते, व हांवेंतून भांडण उद्भवण्याची वेळ येते. अशा वेळीं बोनोबो जें करतात त्याच्याच वर्णनाला ट्राट्स व हेक यांनीं लॅटिनचा आश्रय केला होता. त्यांच्यांत कामचेष्टा ही केवळ संततीसाठीं नसून ताण उतरविण्यासाठीं व सलोख्यासाठींही असते. नर व मादी, तसेंच मादी व मादी, यांच्यांत क्षणभर शरीराची जवळीक होते, आणि मग सर्व मिळून खाऊं लागतात. भांडण झालें तरी त्याचा शेवट पुष्कळदां असाच होतो. आपल्या रीतिभातींची मापें येथें लावणें व्यर्थ आहे. यापासून घेण्याची गोष्ट इतकीच कीं, कलह मिटविण्याचा ठराविक उपाय त्या समाजाजवळ आहे, व तो कलह पेटण्याच्या आधींच योजला जातो. डच शास्त्रज्ञ फ्रान्स दे वाल यांनीं १९८३-८४ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयांत हेंच वर्तन बारकाईनें टिपून ठेवलें, आणि १९९७ सालच्या ग्रंथांत बोनोबोला 'विसरलेला वानर' असें नांव दिलें. तें सार्थ होतें.

नरांची प्रतिष्ठाही तेथें आईच्या आधारावर उभी असते. वांबा येथें कामे नांवाची एक वृद्ध मादी होती. तिला तीन मोठे मुलगे होते, व थोरला नरांत पहिला होता. कामे म्हातारी होऊन मुलांच्या पाठीशीं उभी राहण्यास कचरूं लागली, तेव्हां दुसऱ्या क्रमांकाच्या मादीचा मुलगा पुढें सरसावला. शेवटीं त्या दोन आयाच एकमेकींना भिडल्या, जमिनीवर लोळल्या, आणि कामे खालीं दाबली गेली. त्या दिवसापासून तिच्या मुलांचें स्थान उतरलें, आणि ती मेल्यावर तर ते टोळीच्या कडेला गेले. नरांच्या राज्याचा वारसा येथें आयांच्या झुंजीनें ठरला. २०१९ सालीं अनेक टोळ्यांच्या अभ्यासावरून असें दिसून आलें कीं, ज्या नराची आई टोळींत हयात आहे त्याला संतति होण्याचा संभव आई नसलेल्याच्या सुमारें तिप्पट असतो.

दोन टोळ्यांची गांठ पडते तेव्हां काय होतें, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चिंपांझींच्या सीमेवर काय होतें तें वर सांगितलेंच. बोनोबोंच्या दोन टोळ्या समोरासमोर आल्या म्हणजे आरंभीं मोठा आरडाओरडा होतो, नर धांवाधांव करतात. मग एखादी मादी मधली जागा ओलांडून पलीकडे जाते. थोड्या वेळानें माद्या परस्परांचे केस विंचरीत बसतात व पोरें एकमेकांशीं खेळूं लागतात. नर दुरूनच पाहत असतात. कधीं कधीं दोन टोळ्या कित्येक दिवस बरोबर हिंडतात. कोकोलोपोरी येथील अभ्यासाचा वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निराळ्या टोळींतील व रक्ताचें नातें नसलेल्या बोनोबोंनीं परस्परांना अन्न दिल्याचें व परस्परांचें साह्य केल्याचें नमूद आहे.

दोन चुलतभावांत इतका फरक कशानें पडला? दोघांना विभागणारी कांगो नदी आहे. हे वानर पोहूं शकत नाहींत. त्यामुळें दहा-वीस लक्ष वर्षांपूर्वीं दोन्ही कुळें वेगळीं झालीं तीं बहुतांशीं वेगळींच राहिलीं. नदीच्या उत्तरेस चिंपांझींना गोरिलाचा शेजार आहे, आणि जमिनीवरील कोंवळा पाला व देंठ हें गोरिलाचें मुख्य अन्न. दक्षिणेस गोरिला नाहीं. तेथें फळें कमी पडलीं तरी तो पाला बोनोबोंना मिळतो. रिचर्ड रँगम यांनीं १९९६ च्या सुमारास असें अनुमान मांडलें कीं, पोट भरण्यासाठीं पांगावें न लागल्यामुळें बोनोबोंच्या माद्यांना एकत्र राहतां आलें, आणि एकत्र राहिल्यामुळें त्यांना नरांचा जुलूम थोपवितां आला. हें अनुमान आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे; पण विचार करण्याजोगें खास आहे.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पहिल्या साक्षीदारावरून मनुष्य राक्षस ठरविला, ती घाई होती. तशीच दुसऱ्यावरून तो ऋषि ठरविणें हीही घाईच होईल. बोनोबो मांस खातात. लहान हरणें व माकडें मारतात. आणि २०२४ सालीं एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. कोकोलोपोरीचे बोनोबो नर व गोंबेचे चिंपांझी नर यांचा सारख्या पद्धतीनें अभ्यास केला असतां, नरानरांतील चकमकी बोनोबोंमध्येंच अधिक, सुमारें पावणेतीन पट, आढळल्या. हें वाचून कित्येकांना बोनोबोची कीर्ति फोल वाटली.

परंतु त्याच्याजवळ दुसरे आंकडे ठेवून पाहावे. अठरा चिंपांझी वस्त्या व चार बोनोबो वस्त्या यांचा अनेक वर्षांचा हिशेब २०१४ सालीं एकत्र करण्यांत आला. चिंपांझींकडून झालेल्या हत्या, पाहिलेल्या, अनुमानलेल्या व संशयित मिळून, १५२ भरल्या. बोनोबोंकडे अशी एकच, आणि तीही संशयित. अभ्यासलेल्या बोनोबोंची संख्या कमी होती हें लक्षांत घेतलें, तरी हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. अर्थात् बोनोबो नर भांडतो, पण एकेकटा भांडतो. चिंपांझी नर जूट करून हल्ला करतात, म्हणून तेथें मरण येतें. बोनोबोंत जूट आहे तो माद्यांचा. आणि २०२५ सालीं सहा टोळ्यांच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून असें दिसलें कीं, माद्या जूट करतात तो बहुतेक वेळां नरांविरुद्ध, शेंकडा सुमारें ८५ प्रसंगीं. आणि नरमादींच्या झगड्यांत निम्म्याहून अधिक वेळां माद्यांची सरशी होते.

माझ्या मतें या साऱ्या हकीकतींतील सार येथें आहे. दक्षिण तीरावर शांतता नांदते ती तेथील नर उपजत गरीब आहेत म्हणून नव्हे. राग, हांव, मत्सर हीं तेथेंही आहेत. फरक कोण कोणाशीं एकी करतो यांत आहे. बलवान एकी करतात तेथें सीमेवर रक्त सांडतें. एकेकट्या दुबळ्या असलेल्या एकत्र बसतात तेथें दांडगाईला आळा पडतो. वारसा म्हणून आपल्याकडे आलें असेल तर दोन्ही प्रकारची एकी करण्याचें सामर्थ्य आलें असेल. युद्ध रक्तांतच आहे असें म्हणून हात झटकण्याची सोय आतां उरलेली नाहीं. गोंबेची साक्ष खोटी नव्हती. ती अर्धी होती.

दुसरा साक्षीदार फार काळ राहील याची मात्र शाश्वति नाहीं. १९९६ सालीं कांगोंत युद्ध पेटलें, व थोडा खंड पडून तें १९९८ पासून २००३ पर्यंत चाललें. वांबाचे संशोधक निघून गेले. सैनिक व उपाशी लोक अरण्यांत शिरले, बंदुका स्वस्त झाल्या, आणि ज्या न्गांडू लोकांच्या रूढीनें बोनोबोंचें रक्षण केलें होतें ती रूढीही ढिली पडली. कांहीं वर्षांनीं संशोधक परत आले, तेव्हां ओळखीच्या कांहीं टोळ्या नाहींशा झालेल्या होत्या. शिकाऱ्यांनीं आया मारल्यामुळें पोरकीं झालेलीं पोरें संभाळण्यासाठीं क्लोदीन आंद्रे या बाईंनीं १९९४ सालीं किन्शासाजवळ 'लोला या बोनोबो' नांवाचें आश्रयस्थान काढलें; त्यांतील कांहीं वानर पुढें पुन्हां अरण्यांत सोडण्यांत आले. सालोंगा येथें १९७० पासून राखीव राष्ट्रीय उद्यान आहे. तथापि जगांत आज मोकळे असे बोनोबो किमान पंधरा ते वीस हजार असावेत, इतकाच अंदाज आहे. एका मादीला साधारणतः पांच वर्षांतून एक पोर होतें; त्यामुळें एक मादी मारली गेली तर ती उणीव भरून येण्यास फार काळ लागतो.

कांगोच्या उत्तर तीरावर वानर युद्ध करतात, आणि दक्षिण तीरावरील ज्या वानरांनीं युद्ध केलें नाहीं ते मनुष्याच्या युद्धांत मेले. म्यूनिक येथेंही तेंच झालें होतें. त्या अरण्यांत आजही एखादी तरुण मादी परक्या टोळीच्या कडेला उभी राहून, आंत कोणाजवळ जाऊन बसावें याचा विचार करीत असेल. तिला तशी जागा मिळेल एवढें अरण्य राखणें हें सर्वस्वीं मनुष्याच्या हातीं आहे.